अठराच्या आत

"सोळा वर्षांच्या पोट्ट्याले काय समजते गा?" चंपतराव म्हणाले आणि त्यांनी सिगारेटचा धूर खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीकडे सोडला. "आतापर्यंत आमच्याकडे सोळा चालत होतं. पानठेल्यावर सिगारेट घ्याची तर अठरा पुरे पाह्यजे, असा मोहल्ला समितीत ठरावच केला आम्ही. मी अध्यक्ष. सरकारलेही लिहून राहिलो."

"बेस केलं," रुपराव म्हणाले. ते भिवापूरचे मिरचीचे व्यापारी, धाकट्या भावाला बरोबर घेऊन मुलासाठी मुलगी पाहायला आले होते. "अठराच्या आत लेकराले आपलं भलंबुरं कुठं कळते? एक डाव नाद लागला का जन्माचं वाटोळं."

पडद्याआड तबक भरत उभ्या असलेल्या गोपिकाला हे ऐकून जरा धीर आला. चंपतराव तिचे थोरले दीर. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं आणि गोपिकाची लेक अठराची आहे असं पाहुण्यांना परस्पर सांगूनही टाकलं होतं. चारुशीलेला चौदा पुरे होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. सोमवारपासून तिची नववीची परीक्षा. सकाळी गोपिकाने नवऱ्याजवळ विषय काढला, तर चंद्रभानने मिठाची गुळणी धरली. थोरल्या भावापुढे ज्याची जीभ कधी उचलली नाही, त्याची आज कुठून उचलायची!

त्या घरची रीत अशी की पाहुण्यांचा चहा झाला की मुलीनेच तबक घेऊन बाहेर जायचं. तबकात सुपारी, बडीशेप, सिगारेटचं पाकीट आणि आगपेटी. एकेकापुढे वाकायचं, आणि कोणी सिगारेट उचललीच तर काडी ओढून धरायची. तेवढ्यात पाहणाऱ्यांचं पाहून होतं. नाक, दात, चाल, हात कापतो की काय, सगळं. याला म्हणे वळण लावणं म्हणतात.

चारुशीला बाहेर गेली. आईचं जांभळं पातळ तिला इतकं मोठं होत होतं की निऱ्या पुढे सांडत होत्या. रुपरावांनी सिगारेट उचलून बोटांत धरली. "लाव बेटा काडी."

चारुशीलेने तबक खाली ठेवून आगपेटी घेतली. पहिली काडी तुटली. दुसरी पेटली. रुपरावांनी सिगारेट ओठांत धरली, पण पुढे केलीच नाही. ते पोरीचं मनगट पाहत बसले, आणि मनगटावरून वर, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. काडी जळत बोटांपर्यंत आली तेव्हा चारुशीलेने ती झटकली. रुपरावांनी सिगारेट तोंडातून काढली आणि भावाकडे वळले.

"हाड चांगलं हाये. वखारीत मिरचीचे देठ खुडाले असेच हात पाह्यजे."

बाजारात बैलाचे दात पाहणारासुद्धा आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. यांना तेवढंही सुचलं नाही. गोपिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती थेट बैठकीत आली. त्या घरात पाहुण्यांपुढे बाई अशी कधी आली नव्हती.

"भाऊजी, वय चुकीचं सांगतलं तुम्ही," ती चंपतरावांना म्हणाली. मग रुपरावांकडे न पाहता तिने पुढचं सांगितलं. "पंधरावं लागलं हाये तिले. लेकरू हाये अजून."

चंपतरावांचा चेहरा उतरला. गोपिकाला वाटलं, झालं. आत्ताच ही माणसं अठराच्या आतल्या लेकरांसाठी जीव टाकत होती. आता निदान यांची मान खाली जाईल, जोडे घालतील आणि वाटेला लागतील. बिचारी! माणसं बोलतात ते मनापासून बोलतात, एवढी तिची समजूत अजून शिल्लक होती.

रुपरावांनी आधी चंपतरावांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि ते खो खो हसले.

"मंग काय बिघडलं, वहिनी? पोरगी काय पानठेल्यावर सिगारेट घ्याले जाऊन राहिली?"

त्यांच्या भावाने मांडीवर थाप मारली. चंपतराव सगळ्यांत जोरात हसले, कारण त्यांची इभ्रत वाचली होती. आणि सगळ्यांच्या मागून, थोड्या उशिराने, कोपऱ्यात बसलेला चंद्रभानही हसला.

गोपिकाला शिसारी आली. पाहुण्यांची आली होती ती केव्हाचीच. दिराची तर लग्न होऊन आली तेव्हापासूनची होती. नवऱ्याची मात्र आज पहिल्यांदा आली.

"लाव वं आणखी एक," रुपराव डोळे पुसत चारुशीलेला म्हणाले आणि त्यांनी सिगारेट पुन्हा ओठांत धरली.

चारुशीलेने आईकडे पाहिलं. मग काडी ओढली. रुपराव या वेळी खरंच पुढे वाकले. सिगारेट काडीला टेकणार एवढ्यात गोपिका मध्ये आली आणि तिने काडी फुंकून टाकली. पोरीच्या हातातली आगपेटी घेऊन ती तिने खाली तबकात टाकली.

"चाल आत. भूगोल राहिला हाये तुया."

आता कोणी हसलं नाही. न पेटलेली सिगारेट रुपरावांच्या ओठांत तशीच लोंबत राहिली. त्यांनी चंपतरावांकडे पाहिलं. चंपतरावांनी चंद्रभानकडे पाहिलं.

पडद्यापाशी पोचलेल्या गोपिकाने मागे वळून पाहिलं. तिचा नवरा उठला होता. तिला वाटलं, आता तरी हा माणूस पाहुण्यांना दार दाखवील.

चंद्रभान वाकला, तबकातली आगपेटी उचलली आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत पेटती काडी जपून धरून पाहुण्यांसमोर उभा राहिला.