अळणी खिचडी

खिचडीत आज मीठ नव्हतं. विसरलं नव्हतं, अण्णाजींनी मुद्दामच टाकलं नव्हतं.

मारुतीच्या पारापाशी रांग लागली होती. बायका आपापले गंज पुढे करत होत्या, अण्णाजी हंड्यातून पळीपळीनं वाढत होते. वाढताना प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होते. कोणीतरी चाखून बघावं, तोंड वाकडं करावं, दोन शब्द सुनवावेत, एवढीच त्यांची इच्छा. मनकर्णाबाईंनी गंज डोक्यावर घेतला. "मस्त दिसून राह्यली जी आज," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात अवकाळी वादळानं पांढरगावच्या छपरांवरची कवेलू उडवली, घरातलं धान्य भिजवलं. तिसऱ्याच दिवशी वर्ध्याच्या एका संस्थेचे तीन स्वयंसेवक देवळीहून बैलगाडीत हंडा घालून हजर झाले. त्यातले दोघे रजा संपली म्हणून परतले. तिसरे अण्णाजी, निवृत्त मास्तर. बायको वारलेली, लेक सासरी. त्यांना रजा संपण्याची फिकीर नव्हती. महिना झाला तरी हंडा काही चुलीवरून उतरेना. आता संस्थेचे कार्यवाह ताराचंदजी शनिवारी पाहणीला यायचे होते. गाव आपापल्या चुलीवर शिजवून खात असेल, तर पेरणीला सरकी मिळणार होती. हंड्यावरच विसंबलेलं असेल, तर सरकी दुसऱ्या गावाला जाणार. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: मदत पुरे, आता स्वावलंबन.

स्वावलंबनावर अण्णाजी तासभर न थांबता बोलू शकत. पण समोर आलेल्या गंजाला "नाही" म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. म्हणून ही युक्ती काढली होती. खिचडी इतकी वाईट करायची की लोक वैतागून आपली चूल पेटवतील. कोणाचं मन दुखायला नको आणि सरकीही जायला नको.

बुधवारी अळणी झाली. गुरुवारी त्यांनी ती नीट लक्ष देऊन करपवली. शुक्रवारी डाळ, तेल, हळद सगळ्यांना सुट्टी देऊन नुसता तांदूळ पाण्यात रटरटवला. माणूस तत्त्वाचा. जे गावाला वाढायचं तेच स्वतः खायचं आणि मग पोट धरून शाळेच्या ओसरीवर पडायचं. गाव मात्र रोज वेळेवर येत होतं, गंज भरून नेत होतं. अण्णाजींना गलबलून आलं. या माणसांची साधी तक्रार करायची ताकदही वादळानं नेली, असं त्यांना वाटलं.

शुक्रवारी दिवेलागणीला सरपंच रूपराव आले. टोपी काढून उगाच झटकली, पुन्हा घातली.

"अण्णाजी, एक बोलू काय? राग नोका मानू."

"बोला, अगदी मोकळेपणानं बोला." अण्णाजी सरसावून बसले. आली एकदाची तक्रार.

"तुमची खिचडी..."

"हं, हं."

"तीन दिस झाले, बैल तोंड लावून नाई राह्यले."

थट्टा चालली आहे असं अण्णाजींना आधी वाटलं. मग त्यांनी रूपरावांचा चेहरा पाहिला. माणूस खरोखर काळजीत होता. गावाचा सगळा कडबा वादळानं उधळून दिला होता. उरल्यासुरल्या कुटारात, तुरीच्या भुशात, खिचडी कालवून वीस दिवस बैल जगवले होते, आणि मृग तर तोंडावर आला होता.

"आणि तुम्ही काय खाता?"

"भाकर. भिजली ज्वारी वाळवली, चुली पेटून वीस दिस झाले न जी."

"मला धूर कसा दिसला नाही?"

"तुमी पहाटेच मळ्यातल्या विहिरीवर जाता. तुमची आंघोळ अन् प्रार्थना होतपर्यंत सारं गाव भाकरी थापून घेते."

"अहो, मग एका शब्दानं सांगायचं नाही का?"

रूपराव जमिनीकडे बघू लागले. "कसं सांगाव जी? तुमी एवढ्या उन्हाचे हंड्याजोळ उभे राहता. नोको म्हनायले जीभच नाई रेटली."

अण्णाजींना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. आपल्यासारखंच अख्खं गाव आपल्याला भेटलं, याचा त्यांना फार आनंद झाला. "उद्यापासून हंडा बंद," ते म्हणाले. इतकं सोपं वाक्य त्यांनी महिनाभर घशात अडकवून ठेवलं होतं. उरलेलं धान्य बैलांना वाटून टाका, मी मात्र पेरणी होईपर्यंत इथेच आहे, असंही त्यांनी सांगितलं.

रूपरावही हसले. पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. काहीतरी आठवल्यासारखे ते उठले आणि तडक पाराकडे गेले. थोड्या वेळानं तिथे सगळं गाव जमलेलं अण्णाजींना ओसरीवरून दिसलं. त्यांना मात्र कोणी बोलावलं नाही.

शनिवारी ताराचंदजी जीपमधून उतरले, तेव्हा पांढरगावच्या साऱ्या चुली उजळ माथ्यानं धूर सोडत होत्या. त्यांनी घरोघर डोकावून पाहिलं. तवे पाहिले, टोपल्यांतल्या भाकरी पाहिल्या. पारावर हंडा घासूनपुसून उपडा घातला होता. अण्णाजी मनकर्णाबाईंच्या ओसरीत पाटावर बसून झुणक्याशी भाकर खात होते. मनकर्णाबाई तिसरी भाकर वाढत होत्या आणि त्यांना नाही म्हणता येत नव्हतं.

ताराचंदजी खूश झाले. जाता जाता त्यांनी विचारलं, "मग रूपराव, दुसऱ्याच्या घासावर जगणारं गावात आता कोणी उरलं नाही ना?"

रूपराव खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी ओसरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक हाये जी. एकटा जीव हाये बिचारा, त्याले रांधता येत नाई. पन त्याच्यापायी आमची सरकी नोका अडवू. आमी काल बसून त्याचे वार लावले. आज शनिवार मनकर्णाबाईच्या घरी, उद्या माह्या घरी."