बोटाची ओळख

थळच्या सुचिताचा नवा फोन घरी आला, तेव्हा ती बोंबील साफ करत होती. हात न धुताच तिनं त्यात बोटाचा ठसा नोंदवला.

फोन झकास होता. काशीदच्या हॉटेलांच्या ऑर्डरी त्यावरच येत. पण धुतलेल्या बोटानं तो उघडत नसे. माशाचा बुळबुळीत चिकटा लावला, की लगेच उघडे.

"याला पन म्हावरा लागतो," नवरा हर्षद म्हणाला.

"मंग तुमच्यासारखाच हाय."

मासेमारी बंदीत घरात ताजी मासळी उरली नाही. सुक्या बोंबलांची मोठी ऑर्डर फोनमध्ये अडकली. दुसरा उपायच नव्हता, म्हणून सुचितानं बोट साबणानं धुतलं, पुसलं, काचेवर टेकवलं.

काच मऊ लागली, कोमटही. तिनं बोट ओढलं, ते निघेना.

आतून कुणीतरी ते सावकाश चोखत होतं.