तोफ थंडावली

सणाच्या सुट्टीत सगळ्यांशी गोड वागून फोरमनलाच इतकं बरं वाटलं, की हा गोडवा रोजच्या कामातही ठेवायचा, असं त्याने ठरवलं. एरवी छापखान्यात सगळे त्याला पाठीमागे 'तोफ' म्हणत. सुट्टी संपली त्या दिवशी आल्या आल्या त्याने मशिनवाल्याचे आभार मानले, बाइंडिंगच्या मावशींच्या सफाईचं तोंड भरून कौतुक केलं, आणि सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला.

दुपारी मावशी डोळे टिपत जवळ आल्या. "दादा, आमच्यापासून लपवू नका. डॉक्टर काय म्हणाले?"

"मला काय धाड भरलीय? कामाला लागा," तो खेकसला.

अख्ख्या छापखान्याचा जीव भांड्यात पडला.