वरचं इजिप्त, खालचं इजिप्त

“नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. म्हणून वरचं इजिप्त नकाशात खाली, आणि खालचं इजिप्त वर,” सुयश म्हणाला. मग आपण बरोबर बोललो की उलटं, या विचारात त्याचा चहा निवून गेला.

समोर श्यामलाबाई, त्याच्या सासूबाई, वही उघडून बसल्या होत्या. त्या कालच पुण्याहून न्यूझीलंडला, वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआला आल्या होत्या. आठवडाभर लेकीकडे राहून शनिवारी परस्पर कैरोला निघायच्या होत्या. पुण्याची टूर त्यांना तिथे भेटणार होती. इजिप्तला जायला न्यूझीलंड कुठल्या वाटेत लागतं, असं सुयशने विचारूनही पाहिलं होतं.

“अहो, तुम्ही दोघं गेल्याच महिन्यात जाऊन आलात ना? मग घरातली माहिती सोडून बाहेर कशाला विचारायचं?” त्या म्हणाल्या होत्या.

अडचण एवढीच होती, की सुयश आणि त्याची बायको कौमुदी इजिप्तला गेलेच नव्हते. सप्टेंबरचे ते तीन आठवडे कौमुदीच्या ऑपरेशनमध्ये आणि पहिल्या केमोमध्ये गेले होते. श्यामलाबाईंनी चार वर्षांपूर्वी नवऱ्याचं हेच आजारपण एकटीने काढलं होतं. “आईला पुन्हा हे बघायला लावायचं नाही. ती खचेल रे,” असं म्हणून कौमुदीने सुयशला शपथ घातली, आणि दोघं घरबसल्या नाईलच्या सफरीवर निघाले. बोटीवर रेंज नाही म्हणून फोन कमी. ‘लक्सर’हून आईला एकदाच फोन केला, तोही घरामागच्या अंगणात उभं राहून.

बाहेर पिवळ्या फुलांच्या झाडावर एक पक्षी घंटेसारखा वाजला आणि लगेच म्हाताऱ्यासारखा खोकला.

“हा कोण?” श्यामलाबाईंनी विचारलं.

“टुई. फक्त न्यूझीलंडमध्येच असतो,” सुयश म्हणाला.

त्यांनी वहीत ते लिहून घेतलं. इजिप्तच्या टूरला टुई कशाला हवा, हे सुयशला काही कळेना.

पुढचे दिवस त्याला शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखे गेले. वेलिंग्टनच्या ऑफिसात जाताना तो ट्रेनमध्ये इजिप्त पाठ करायचा आणि घरी येईपर्यंत सगळ्याची भेळ व्हायची. सुट्टी शुक्रवारी. टिपला तिथे बक्षीसच म्हणतात. त्याने एकदा कैरोहून लक्सरला ट्रेन सांगितली, कौमुदीने विमान. “जाताना ट्रेन, येताना विमान,” त्याने घाईघाईने जोडून दिलं. सासूबाईंनी मान डोलावली.

“पाणी कसं गं तिथलं? दिवसभरात किती पीत होतीस?” त्यांनी कौमुदीला विचारलं.

“बाटलीतलंच. भरपूर प्यायचे,” कौमुदी म्हणाली आणि समोरचा ग्लास बाजूला सारला. घरातही तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी असायची. वेलिंग्टनचा वारा कुणाला सोसतो, असं ती पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली होती.

“जेवणात तिखट?”

“फारसं नसतं. तू ठेचा केलास ना, तो सुयशला वाढ.”

“चालावं लागतं का खूप?”

“हीप्स! म्हणजे, खूपच!” सुयश मध्येच बोलला. “पण हिला सवय आहे चालण्याची.”

गुरुवारी मायलेकी कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे तिथल्या वाण्याकडे, दूध आणायला पायी गेल्या. पाच मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. आल्या आल्या श्यामलाबाई वही घेऊन बसल्या. कौमुदीने एका वाक्यात उत्तर दिलं तरी त्या अर्धं पान भरायच्या. एवढं काय लिहितात, याचं सुयशला कोडं होतं, आणि आपली चोरी कुठल्या शब्दात सापडेल याची धास्ती.

“झोप लागते का गं परक्या ठिकाणी?” शुक्रवारी सकाळी त्यांनी विचारलं.

“मस्त लागायची, आई,” कौमुदी म्हणाली.

श्यामलाबाई आंघोळीला गेल्या आणि कौमुदी ओट्याला टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

“बघ, तिला काही कळलं नाही. जिंकलो आपण,” सुयश हळूच म्हणाला.

“हो रे. पण आठवडा झाला, तिने माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. नुसतं इजिप्त, इजिप्त.” तिने टोपी कानांवर ओढली. “नाही सांगायचं असं मीच ठरवलं ना? मग मला एवढं वाईट का वाटतंय?”

खरं म्हणजे सुयशलाही सासूबाईंचा राग आला होता, आणि तो कोणत्या तोंडाने करावा हेही समजत नव्हतं.

शनिवारी सकाळी तो गाडी काढायला निघाला. विमान किती वाजता, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. विचारलं की “आहे अजून वेळ” म्हणायच्या. आता त्या अंगणात टुईला बघत उभ्या होत्या आणि वही टेबलावर राहिली होती. फ्लाइट नंबर तरी पाहून घ्यावा म्हणून त्याने ती उघडली.

पहिल्या पानावर रेघ मारून लिहिलं होतं: प्रवाशांसाठी आवश्यक माहिती. खाली बारीक, नीटस अक्षर.

‘टुई. लक्सरच्या फोनमध्ये मागे हाच ओरडत होता.

पाणी: दिवसभरात दोन ग्लास. वाढवायचं.

जेवण: तोंड आलंय. तिखट बंद, उद्यापासून मऊ भात.

चालणं: डेअरीपर्यंत. चारदा थांबली. ह्यांच्यापेक्षा बरी आहे.

झोप: पहाटे उठते. नळ सोडून रडते.’

सुयशने पानं उलटली. शेवटच्या पानावर आजची तारीख होती.

‘शनिवार. विमान वगैरे काही नाही. ती स्वतःहून सांगेपर्यंत इथेच.’