गवतावरचे चार थेंब

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात नकली गाड्यांना मज्जाव, आणि क्लाइव्हने तर नऊ वर्षं शेडमध्ये खपून एका जुन्या दोनदारी स्पोर्ट्स गाडीची हुबेहूब नक्कल बनवलेली. गाड्या तपासणारे पेंबर्टनसाहेब बॉनेट उघडतच नाहीत. गुडघे टेकून गाडीखालचं गवत बघतात. म्हणतात, "अस्सल इंग्लिश गाडीतून तेल गळणारच!"

"नऊ वर्षांत एक थेंब गाळायला जमलं नाही तुला!" असं म्हणत क्लाइव्हच्या बायकोने सॅलडसाठी आणलेलं तेल गाडीखाली शिंपडलं.

साहेबांनी ते बोटावर घेऊन हुंगलं. त्यांचे डोळे पाणावले. "अहाहा! एकसष्ट सालचं इंजिन!" म्हणत त्यांनी चषक क्लाइव्हच्या हातात ठेवला.

 

आणि शेजारची, विनिफ्रेडबाईंनी कालच गळती दुरुस्त करून आणलेली एकसष्ट सालची खरी गाडी, साहेबांनी नकली म्हणून मैदानाबाहेर काढायला लावली.