भिंतीतली हाक

डोंगर कोरून केलेल्या त्या जुन्या ख्रिस्ती मठात शूशान पर्यटकांना फिरवायची. तिचा नवरा गार्निक त्यांची बस चालवायचा. आतल्या अंधाऱ्या दालनात ती स्तोत्राची एक ओळ गायची, आणि सूर दगडावर आपटून परत यायचा.

त्या दुपारी तिनं श्वास घेतला, तोच तिचा सूर भिंतीतून आला. तिनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"अगं बाई, ओठ न हलवता गातेस!" एक म्हातारी कौतुकानं म्हणाली.

शूशान कसंनुसं हसली. सगळ्यांना बाहेर पाठवून ती एकटीच मागे थांबली. 'कोण आहे' असं विचारायचं तिच्या मनात आलं.

"कोण आहे?" भिंतीनं तिच्याच आवाजात विचारलं.

तिनं ओठ घट्ट मिटले. भिंत मात्र गप्प बसेना.

"गार्निक! गार्निक, थांब!"

ती तिचीच किंकाळी होती. अशी किंकाळी तिनं जन्मात कधी फोडली नव्हती.

ती धावत बाहेर आली. गार्निक बसच्या दाराला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.

"काय गं, भूत दिसलं की बिशप?"

"आज बस नको काढूस."

"आणि या लोकांना काय पाठुंगळी नेऊ? चल, बस."

ती त्याच्या शेजारी बसली. दरीकडेच्या उतारावर एकाएकी त्याचं नाव तिच्या घशाशी आलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"काय होतंय गं तुला?" म्हणत गार्निकनं रस्त्यावरची नजर काढली आणि तिच्याकडे वळून पाहिलं.