बोटभर फट

शेवटची रेषा आजही पहिल्या बिंदूला मिळाली नाही. मध्ये बोटभर फट. भूगोलाच्या सरांनी कागद आडवा धरला, उभा धरला, आणि शेवटी कपाळाला हात लावला.

"अख्ख्या बारावीने हे मैदान कागदावर उतरवलं. तुम्हा दोघांच्याच वेळी ते हलतं का? उद्या शेवटचा दिवस. उद्याही फट दिसली तर सही नाही, आणि सही नाही तर प्रात्यक्षिकाचे गुण विसरा."

जोडी सरांनीच लावली होती. मैदानात मांडलेल्या, नकाशाचा कागद लावलेल्या टेबलापाशी वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. सगळ्यांच्या चुका काढायची खोड, म्हणून तिचं नाव मास्तरीण. मैदानाच्या कडेने ठोकलेल्या खुंट्यांवर लाल-पांढरी काठी धरून उभा राहायचा एक मुलगा. उंच आणि अबोल, म्हणून तो खांब. मास्तरीण काठीवर नेम धरून रेषा आखायची, टेपवरचा आकडा वाचायची, मग पुढची खुंटी. मैदानाला वळसा पूर्ण झाला की रेषेनेही निघाली तिथेच परत यायला हवं.

ती यायची नाही, कारण खांब लबाड होता. काठी तो खुंटीवर धरतच नसे, चांगली दोन पावलं बाजूला धरायचा. नकाशा जमला असता तर काम संपलं असतं, आणि दोघांनी दोन बाजूंनी टेबल उचलून प्रयोगशाळेत नेणंही संपलं असतं. मैदानावर त्यांच्यात "डावीकडे सरक" याखेरीज संवाद नव्हता. खरं बोलणं व्हायचं ते टेबल नेताना. एरवी मुलींसमोर ज्याची दातखीळ बसायची, तो त्या वाटेवर चक्क विनोद करायचा. आणि मास्तरीण हसायचीही, जी विनोदातल्यासुद्धा चुका काढते असं सगळा वर्ग म्हणायचा.

पण आता प्रश्न गुणांचा होता. मास्तरणीला पुढे भूगोलच शिकायचा होता. आपल्या दोन पावलांपायी तिचे गुण जाणार, हे काही त्याला पचेना. सर वळताच तो म्हणाला, "उजेड आहे तोवर आणखी एकदा करू."

या वेळी त्याने प्रत्येक खुंटीवर काठी नेमकी टेकवली. श्वाससुद्धा बेताने घेतला. वळसा पूर्ण करून टेबलाकडे येताना त्याला फार वाईट वाटत होतं. उद्यापासून कसलं टेबल आणि कसली वाट, असं म्हणत त्याने कागदात डोकावून पाहिलं.

फट होती. रोजच्यापेक्षा लहान, पण होती.

"असं कसं होईल?" खांब चक्रावला. "या वेळी तर मी काठी बरोबर खुंटीवर धरली होती."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. मास्तरणीने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. आता आपली धडगत नाही, असं त्याला वाटलं. पण मास्तरीणच कानापर्यंत लाल झाली आणि खाली बघत टेप गुंडाळू लागली.

"तरीच या वेळी निम्मी आली," ती म्हणाली. "मला वाटायचं, मीच आकडे जरा जास्त चुकवतेय की काय."